पायाळूचा डावा पाय

माही शिवकन्या पायाळू हाये. म्हंजे जन्मताना पोरीचं डोकं न्हाई आलं, पाय आले. आधी डावा, मंग उजवा. सुईण घाबरली, सासू देवाला नवस बोलून राह्यली, आन मी पाच तास आरडत व्हते. झाली एकदाची मोकळी. सुईण घाम पुसत म्हणली, "बाई, पायाळू हाये गं. अख्ख्या गावाच्या पाठी सांभाळील."

आमच्या जाफराबादकडं हे सगळेच मानतेत. वाकता वाकता पाठीत उसण भरली, माणसाला सरळ व्हता येईना, की दवाखान्याच्या आधी पायाळू हुडकायचा. सकाळच्या पारी, चूळ भरायच्या आधी, त्यानं उसणवाल्याच्या पाठीला सात वेळा पाय लावायचा. त्याचं काही घ्यायचं न्हाई. घेतलं की गुण जातो. तुम्हाला खरं वाटत नसंल तर नसू द्या. मी काही वकिली करायला बसले न्हाई. मी फक्त काय झालं ते सांगून राह्यले.

शिवकन्या पाच वर्षांची असताना तिचा बाप, मच्छिंद्र, काविळीनं गेला. आठ दिवसांत. त्याच्या मागं गावानं मला काय दिलं ते ऐका. लग्नात मागं उभं राह्य. नवरीला हळद लागताना आत जाऊन बस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या एकूणएक बाईला बोलावणं यायचं, माह्या दारावरून पोरगी तशीच पुढं जायची. बारा वर्षं! मीही तोंडाची फाटकी, कुणाचं ऐकून घ्यायची न्हाई, पण त्या दिवशी मी दार लावून घ्यायचे.

आन त्याच बायांच्या पाठीत उसण भरली की पहाटे माह्या ओट्यावर! "शिवकन्या उठली का गं? पाय लावती का?" मंग मी मुद्दाम जरा उशीर करायचे. चहा मांडायचे. "बसा की, लेकरू झोपलंय," म्हणायचे. त्या बसायच्या. लय बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता पळण्याचं. ती सातवीत असताना शाळेच्या मैदानावर पोरी पळत व्हत्या. दोन चकरांत सगळ्या बसल्या, ही आपली चालूच. कमरोद्दीन सरांनी थांब म्हणेपर्यंत थांबलीच न्हाई. सर खेळाचे मास्तर. उंच, वाळके, पांढरी टोपी, आन बोलायला लागले की हात आधी चालायचे. दुसऱ्या दिवशी घरी आले न् म्हणले, "ताई, पोरीला माझ्याकडं द्या. हिचा दम लाख मोलाचा आहे. पण पाय कच्चे आहेत."

मी भडकले. "माह्या पोरीचे पाय कच्चे? अहो, गाव येऊन पाठ टेकवतंय त्या पायाला!"

सर हसले. खाली बसले न् तिला उभं करून म्हणले, "बघा. उभी राहिली की पाय आत कलंडतो, कमान दबते. पाच हजार मीटर पळायचं म्हणजे एकेक पाय अठराशे वेळा जमिनीवर पडणार. दर वेळी अंगाच्या दुप्पट-तिप्पट वजन. ते झेलणार कोण? पायाच्या आतले हे एवढे एवढे स्नायू. दम कितीही असू द्या, ताई. पाय पिचला की दम काय करणार?"

मंग सुरू झाला आमच्या घरात तमाशा. ताटात सरकी टाकायची, कापसाचं बी, आन पायाच्या बोटांनी एकेक उचलून वाटीत टाकायची. जमिनीवर टॉवेल अंथरायचा, बोटांनी वढत वढत जवळ आणायचा. नुसता अंगठा उचलायचा, बाकीची चार बोटं खाली. मंग चार उचलायची, अंगठा खाली. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली, सावकाश, तीस वेळा. दात घासताना एका पायावर, तेबी डोळे मिटून. आठवड्यातून दोनदा पूर्णेच्या पात्रातल्या वाळूत अनवाणी चालणं.

मी म्हणले, "पळायला शिकवतेत का माकडाचे चाळे?"

"तू करून दाखव की मंग," पोरगी म्हणली.

बसले ताट घेऊन. एक सरकी उचलली जाईल तर शपथ! अंगठा एकीकडं, बोटं दुसरीकडं, आन मंग पोटरीत असा गोळा आला की मी "मेले, मेले" करत आडवी. ती हसून हसून भिंतीला टेकली. मलाबी हसू आलं. त्या दिवसांत आम्ही दोघी लय हसलो. तसं पुन्हा हसलो न्हाई म्हणून ध्यानात राह्यलं.

तीन वर्षांत तिच्या पायाचं रूप बदललं. बोटं फाकवली की एकेक सुटी व्हायची. कमान अशी उचलली की ओल्या पायाचा ठसा उमटला तर मधला भाग कोराच. सकाळी पाठी घेऊन आलेल्या बायाबी म्हणायच्या, "पोरीच्या पायात आता जोर आलाय गं, बराबर जागी लागतो." मी मनातल्या मनात फुलायचे. सर म्हणायचे सरावानं आला, मी म्हणायचे जन्माचा गुण हाये. दोघांचं भांडण व्हायचं न् शिवकन्या मधी बसून सरकी उचलायची.

जालन्याला जिल्ह्यात पहिली आली. विभागात दुसरी. मागच्या वर्षी, अकरावीत असताना, राज्याच्या स्पर्धेला नाव लागलं. पुण्याला, फेब्रुवारीत, पाच हजार मीटर. सरांनी मला बसवून सांगितलं, "पहिल्या दोघींत आली की राष्ट्रीयला निवड. आन खेळाडूंच्या वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं. ताई, ही पोरगी मंग सोयाबीन सोंगायला परत येत नाही, मी लिहून देतो."

त्या रात्री शिवकन्या मला म्हणली, "माय, मी गेले की तुला करमंल का?" मी म्हणले, "तू जा तर आधी, मंग पाहू." तिला तेवढं एकच पाह्यजे व्हतं. कपडा न्हाई, मोबाईल न्हाई, काही मागायची न्हाई पोरगी. पळायचं न् तिथं जायचं.

आन जानेवारीत सगुणाबाई वाकली.

सगुणाबाई म्हंजे आमच्या गावातलं मोठं घर. तिच्या हळदीकुंकवाला शे-दीडशे बाया. तुरीचं पोतं सरकवताना पाठीत अशी उसण भरली की चार पोरायनी धरून माह्या ओट्यावर आणली. शिवकन्यानं पाय लावला. तिसऱ्या दिवशी बाई चालत आली, ताठ, आन सगळ्या आळीसमोर म्हणली, "यंदा संक्रांतीला तूबी ये गं. काय धरून बसायचं ते जुनं! मी सांगते, ये."

गेले. अंगावर ठेवणीतलं पातळ. सगुणाबाईनं सोताच्या हातानं मला हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. कुणी काही बोललं न्हाई. एकदोघींनी तोंड फिरवलं, मरू दे. घरी आले न् आरशात पाह्यलं. दोन दिवस कपाळ धुतलं न्हाई मी. शिवकन्या माह्याकडं पाहून म्हणली, "माय, कुंकू लय शोभतंय तुला." आन मी लहान पोरीवानी रडले.

मंग काय झालं, लोकं वाढले. सगुणाबाईला गुण आला म्हणल्यावर भोकरदनहून, राजूरहून येऊ लागले. सकाळी ओट्यावर चार-पाच जण. मला "शिवकन्याची माय" म्हणून बसायला जागा करून देऊ लागले. मी, जिला बारा वर्षं दार लावून बसावं लागलं, ती मी!

हळदीकुंकवाला आठ दिवस झाले नसतील. शिवकन्या सरावावरून आली न् चुलीपाशी बसून डावा पाय चोळू लागली.

"काय झालं?"

"वरून दुखून राह्यलं. मधोमध. पळताना कमी, थांबलं की जास्ती."

सरांचा एक कायदा व्हता, पोरीयला पाठ करून ठेवलेला. पाय पसरून दुखला, सगळीकडं दुखला, तर तो थकवा. दोन दिवसांत जातो. पण अंगठ्यानं दाबल्यावर एकाच जागी, चवलीच्या नाण्याएवढ्या जागी दुखलं, तर ते हाड. त्या दिवशी पळणं बंद, त्या दिवशीच मला सांगायचं. मलाबी त्यांनी दहादा सांगितलं व्हतं.

मी दाबून पाह्यलं. बोटांवर दाबलं, काही न्हाई. टाचेवर, काही न्हाई. घोट्याच्या पुढं, पायाच्या वरच्या बाजूला मधोमध अंगठा टेकला न् पोरीनं पाय झटकन वढून घेतला. डोळ्यात पाणीच आलं तिच्या.

एकाच जागी. चवलीएवढ्या.

मला कळलं न्हाई असं म्हणत न्हाई मी. कळलं. पण दुसऱ्या क्षणाला मनात काय आलं ते सांगते, मंग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मनात आलं, लोकं काय म्हणतील? जिचा सोताचा पाय दुखतो ती दुसऱ्याच्या पाठीला काय गुण देणार? आन कुणीतरी म्हणणारच, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं कुंकू लावून घेतलं न् आठ दिवसांत पोरीच्या पायातला गुण गेला. सगुणाबाईच म्हणंल. मला ते डोळ्यासमोर दिसलं, बिलकुल दिसलं.

मी म्हणले, "पायाळूच्या पायाला काही व्हत नसतं. तेल लावून देते."

पोरीनं पाय पुढं केला. मी तेल गरम केलं न् चोळलं. रोज चोळलं, दोन्ही टायमाला. सकाळी ती पळायला जायच्या आधी ओट्यावरच्या लोकायला पाय लावायची. डाव्याच पायात गुण, तोच आधी आल्ता ना. उजव्यावर तोल धरून डावा लावायची न् सातव्या वेळी खाली टेकवला की ओठ दाबायची. लोकायला काय दिसतंय? त्यायच्या तर पाठी तिच्याकडं. मला दिसायचं.

दुखणं चालू झालं तव्हा सर इथं नव्हते. निवडणुकीच्या ड्युटीवर त्यायला दूरच्या तालुक्याला टाकलं व्हतं. स्पर्धा दहा दिवसांवर आली आन एका सकाळी त्यांचा फोन आला. मी दळण निवडत व्हते. शिवकन्या समोर बसली व्हती, पाय लांब करून. ओट्यावर भोकरदनचे दोघं वाट पाहून राह्यलेले.

"ताई, पोरीचा आवाज मला ठीक वाटला नाही काल फोनवर. पायाचं काही आहे का? दाबून पाहिलं का? देखो, खरं सांगा. आता थांबलं तर काहीच बिघडत नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी पळेल. पोरगी अजून लहान आहे."

मी म्हणले, जरा मोठ्यानंच म्हणले, "काही न्हाई सर! पाय बिलकुल ठीक हाये. पायाळूचा पाय हाये तो, त्याला काय व्हतंय!"

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

पुण्याला मीबी गेले. मैदान केवढं, लाल, बायाबापे बसायला पायऱ्या. साडेबारा चकरा. सहा चकरांपर्यंत शिवकन्या पाचवी. आठव्या चकरेत तिसरी. सर जाळीपाशी उभे राहून हात हलवून राह्यलेले, "पाय हलका, बेटा, हलका!" दहाव्या चकरेला तिनं दुसरीला गाठलं. मी पायरीवर उभी राहून आरडले, "शिवे! शिवे!" अख्ख्या जन्मात आरडले नसंन तेवढी. दुसरीच्या पुढं गेली. माह्या लेकराचं झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं डावा पाय टाकला न् ती बसलीच. पडली न्हाई, बसली. जशी पायाखालची जमीन काढून घेतली. उठायला गेली, पुन्हा बसली. मागच्या पोरी बाजूनं निघून गेल्या, एक, दोन, चार, सगळ्या.

मी उतरेपर्यंत सर तिच्यापाशी पोचले व्हते. बूट काढला, अंगठा टेकवला, ती किंचाळली. सरांनी विचारलं, "कधीपासून?"

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. मी तिथं उभी. ती म्हणली, "आत्ताच, सर. आत्ता पाय टाकला न् झालं."

डॉक्टरनं फोटो दाखवला. पायाच्या मधल्या हाडाला आधी केसाएवढी चीर, तीन-चार आठवडे जुनी, आन त्याच्यावर पळून पळून हाडाचे दोन तुकडे. डॉक्टर म्हणला, "चीर होती तेव्हाच सहा आठवडे पाय टेकवला नसता तर बहुतेक आपोआप भरली असती." सर खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता बोलतील, शिव्या देतील. मी वाट पाहत व्हते, खरंच. ते एवढंच म्हणले, "सहा आठवडे, ताई." आन उठून बाहेर गेले. गडी माणूस, पण बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

संभाजीनगरला ऑपरेशन झालं. स्क्रू टाकला. तीन महिने कुबड्या. मंग चालणं, मंग पुन्हा सरकीचं ताट. सर रोज संध्याकाळी यायचे, समोर बसायचे, "अंगठा उचल बेटा, अजून, अजून." माह्याशी बोलायचे न्हाईत. मी चहा द्यायचे, ते प्यायचे, "शुक्रिया" म्हणायचे, बस. ओट्यावर कुणी यायचं बंद झालं व्हतं. गावात बोलायचं ते बोललेच, मला ठाऊक व्हतं तेच, जसंच्या तसं. ऐकलं न् मला काहीच वाटलं न्हाई. ज्या मानापायी पोरीचा पाय घालवला तोच गेला, आन मला काहीच वाटलं न्हाई.

नऊ महिन्यांनी, मागच्या पंधरवड्यात, डॉक्टरनं शेवटचा फोटो काढला. म्हणला, हाडाच्या एका तुकड्याला रक्त पोचत नाही. चालायला, कामाला अडचण नाही. पण पळणं सोडा. लांबचं तर नाहीच. सरांनी विचारलं, "दोन वर्षांनी?" डॉक्टरनं मान हलवली. शिवकन्यानं विचारलं, "सर, हळू?" डॉक्टर म्हणला, "बाळा, हळूपण नको."

परतीची एसटी धरली. सर जाफराबादला उतरताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओट्यावर खोकल्याचा आवाज. पाहते तर सगुणाबाई. वाकलेली, एक हात कमरेवर. नऊ महिने तोंड न दाखवलेली बाई. म्हणली, "पुन्हा भरली गं. डॉक्टरची गोळी घेतली, उतरंना. पोरगी पाय लावती का?"

माह्या अंगाचा भडका उडाला. "चल, निघ! लाज न्हाई वाटत? पाय न् बिय काही न्हाई इथं! मेला तो पाय! तुमच्या पाठींनी खाल्ला!" लय बोलले. जे सोताला बोलायचं ते सगळं तिला बोलले.

मागून शिवकन्या आली. "माय, बस कर," म्हणली. "मावशी, वळा तिकडं." आन दाराला धरून तिनं डावा पाय उचलला न् सगुणाबाईच्या पाठीला लावला. एक. दोन. सातही वेळा. बोटं नीट वळत नव्हती तिची, टाचच लागत व्हती. सगुणाबाई हळूहळू सरळ झाली न् निघून गेली.

मी म्हणले, "कशाला लावलास? कशाला गं?"

"लावू दे. आता दुसऱ्या कशाला लागतो तो."

मंग मला राहवलं न्हाई. तिच्यापुढं खाली बसले न् तो पाय मांडीवर घेतला. नऊ महिने तोंडातून निघालं नव्हतं ते सगळं सांगितलं. मला तव्हाच कळलं व्हतं. मी सरांना खोटं बोलले. मी तुहा पाय खाल्ला, शिवे, दुसऱ्या कुणी न्हाई. मला मार, बोल, पण असं गप राहू नको.

तिनं पाय वढून घेतला न्हाई. माह्या डोक्याकडं पाहत म्हणली, "मला ठाऊक हाये, माय. मी समोरच तर बसले व्हते. सरांचा आवाजबी ऐकू येत व्हता मला."

"मंग फोन घ्यायचा न् सांगायचं! का न्हाई सांगितलंस?"

"मी ठरवलं व्हतं सांगायचं. म्हणलं, माय एकदा माह्याकडं पाहील, मी नुसती मान हलवीन, की तिला समजंल. तू पूर्ण फोन व्हईपर्यंत पाह्यलंच न्हाई."

खरं हाये. मी पाह्यलं न्हाई. फोन कानाला लावून मी ओट्याकडं पाहत व्हते, भोकरदनचे ते दोघं ऐकून राह्यलेत का न्हाई म्हणून.